बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, एलएलबी करायचंय : इंदूर, दिल्ली की पुणे?

गराडूप्रेमी

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी इंदूरची, सुदामानगरात राहते. बीकॉमचं तिसरं वर्ष चालू आहे. दहावीपर्यंत हिंदी माध्यम, घरी मराठी, कॉलेजात शिकवणं हिंदीत आणि नोट्स इंग्रजीत, असं आपलं नेहमीचं इंदुरी त्रांगडं.

एलएलबी करायचं हे ठरलंय. माझ्या आत्याचा माहेरच्या घराच्या वाटणीचा दावा चालू आहे. तारखेला तिच्याबरोबर जायला घरात कुणी मोकळं नसतं म्हणून मी जाते. वकीलसाहेब घाईघाईत दोन वाक्यं सांगून पुढच्या कोर्टात पळतात आणि त्याचा अर्थ मी तिला परतताना रिक्षात सांगते. त्या नादात २०२० चा विनीता शर्मा निकाल वाचायला घेतला, मुलीला जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत हक्क असतो असं सांगणारा. अर्धा डोक्यावरून गेला, पण सोडवेना.

आता अडचणी. नव्या शैक्षणिक धोरणामुळे कॉलेजवाले चौथं ऑनर्स वर्ष करा म्हणून मागे लागलेत. ते करू की तीन वर्षांवर डिग्री घेऊन बाहेर पडू? क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) द्यायची की दुसरं काही? भंवरकुव्याला क्लास लावायचा तर फी ऐकून बाबा गप्पच झाले. आणि घरचं म्हणाल तर आई हो म्हणते, आजी म्हणते "मुलीच्या जातीनं काळा कोट घालून कुठे फिरायचं", आणि बाबांनी वहीत हिशोब मांडून दाखवला : २१ ला डिग्री, २४ ला एलएलबी, मग जज्जच्या परीक्षेआधी तीन वर्षं वकिली, म्हणजे २७. "त्याच्या पुढे काय?" असं विचारून ते पेपर वाचायला लागले.

खरं खरं सांगा.

पोहेवाला_भिया

आधी आजीला जिलबी खाऊ घाल. बाकीचं जाणकार सांगतीलच.

काळ्याकोटातली

गराडूप्रेमी, स्वागत. मी हायकोर्टाच्या इथल्याच खंडपीठात वकिली करते, सुरुवात जिल्हा कोर्टात केली. तेव्हा सांगते ते ऐकीव नाही.

चौथं वर्ष सोड. बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलीची नियामक संस्था, तिचे २००८ चे नियम आहेत, त्यांत तीन वर्षांच्या एलएलबीला पदवी लागते, ऑनर्स नव्हे. खुल्या वर्गाला पदवीत किमान ४५ टक्के, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४०. चौथं वर्ष पुढे संशोधनाकडे जाणाऱ्यांच्या कामाचं. तुला त्यानं वकिलीत एक इंचही पुढे जाता येणार नाही. मात्र एक गोष्ट आत्ताच कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचार : तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यांना पदवीचं प्रमाणपत्र किंवा प्रोव्हिजनल कधी हातात देतात? मार्कशीट जूनमध्ये आणि प्रोव्हिजनल दिवाळीनंतर, असं झालं की प्रवेशाच्या वेळी धावाधाव होते. नियमात पात्र असून कागदासाठी अडलेल्या मुली मी पाहिल्यात.

क्लॅट यूजी ही बारावीच्या गुणांवर द्यायची परीक्षा. पदवीधरालाही देता येते, वयाची वरची मर्यादा नाही. पण मग पाच वर्षांचा अभ्यासक्रम. बीकॉमची तीन वर्षं बाजूला ठेवून अठरा वर्षांच्या पोरांबरोबर पुन्हा पहिल्या सत्रापासून? माझं मत, नको. भोपाळची एनएलआययू (नॅशनल लॉ इन्स्टिट्यूट युनिव्हर्सिटी) कितीही चांगली असली तरी. तीन वर्षांचं एलएलबी हवं तर बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलनं ते २०२२ पासून सुरू केलंय, त्याची वेगळी परीक्षा आहे, एनएलसॅट. त्यात अर्धे गुण पर्यायी प्रश्नांना आणि अर्धे लिहून द्यायच्या उत्तरांना. तिथली फी मात्र लाखांत आहे, बाबांना सांगताना शेजारी पाण्याचा ग्लास ठेव.

हिशोबाबद्दल नंतर लिहिते, आत्ता चेंबरला निघालेय.

डेक्कनचा_जावई

अहो, एवढा विचार कशाला? सरळ पुण्याला या. आयएलएस १९२४ पासूनचं कॉलेज आहे, मागे टेकडी, पुढे लॉ कॉलेज रस्ता, आणखी काय हवं? महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा एमएच सीईटी, तिचा पेपर इंग्रजीबरोबर मराठीतही असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. १२० प्रश्न, दोन तास. कायद्याचं आकलन, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी. मराठी माणसानं मराठी राज्यात शिकावं, साधी गोष्ट आहे.

नॉर्थकॅम्पसवाली

जावईबापू, इथेच गोम आहे. आम्ही आडनावानं मराठी, डोमिसाइलनं एमपीवाले. महाराष्ट्राच्या सीईटीत आम्ही बाहेरच्या राज्याचे उमेदवार. जागा थोड्या, आणि एमपीचं जातीचं प्रमाणपत्र तिथल्या राखीव जागांना चालत नाही. पणजोबा साताऱ्याहून होळकरांकडे आले होते हे फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. सीईटी द्यायला हरकत नाही, पण सगळी भिस्त तिच्यावर नको.

मी लोकमान्यनगरची, सध्या दिल्ली विद्यापीठात एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला. गराडूप्रेमी, तुझ्यासाठी मला हाच रस्ता बरा वाटतो. २०२३ पासून दिल्लीचा प्रवेश सीयूईटी पीजी या देशभरच्या सामायिक परीक्षेवर होतो. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. पेपर हिंदीतूनही असतो, पण तू इंग्रजीतूनच दे. वर्गात शेवटी वाचायचं तेच आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना फॉर्म भरता येतो. फॉर्म साधारण हिवाळ्यात निघतात, परीक्षा मार्चच्या आसपास. परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या साइटवर डोळा ठेव आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या तारखांवर विश्वास ठेवू नकोस.

फी वर्षाला काही हजार. खर्च होतो तो राहण्यावर. कमलानगर, विजयनगर, मुखर्जीनगर भागातल्या पेइंग गेस्ट खोलीचं भाडं महिन्याला जे पडतं, त्यापुढे वर्षाची फी काहीच नाही. हॉस्टेलच्या जागा मोजक्या. बाबांच्या वहीत पहिल्या ओळीत भाडं लिही, फी नंतर.

गराडूप्रेमी

ताई, खूपच मदत झाली. वजा गुणांची भीती वाटते. माहीत नसेल तर सोडूनच द्यायचं का?

नॉर्थकॅम्पसवाली

चार पर्याय, बरोबरला चार, चुकलं तर वजा एक. डोळे मिटून खूण केलीस तरी सरासरीनं तोटा नाही : चारांतला एकदा बरोबर लागला तर चार मिळाले, तीनदा चुकलं तर तीन गेले. आणि एक पर्याय जरी खात्रीनं खोडता आला, तरी ठोकून दे. क्लॅटमध्ये बरोबरला एक आणि चुकीला पाव गुण वजा, म्हणजे प्रमाण तेच. खरा तोटा वेळेचा होतो. एका कोड्यात चार मिनिटं अडकून बसायचं आणि शेवटचे दहा प्रश्न बघायचेच राहून जायचे, हे सगळ्यांच्या बाबतीत घडतं.

विदुलाची_आई

धागा वाचतेय, माझी मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिचंही हेच चाललंय. मी नाही म्हणत नाही हो. पण इथल्या वकिलांच्या ऑफिसांच्या वेळा बघितल्या आहेत का? दिवसभर कोर्ट, मग संध्याकाळी सहापासून रात्री नऊ-साडेनऊपर्यंत चेंबर. ज्युनियर मुलगी त्या वेळी स्कूटीवरून एकटी घरी येणार. पगाराचं म्हणाल तर माझ्या भाचीला पहिल्या वर्षी पेट्रोलचे पैसेसुद्धा सुटले नाहीत. मुलींनी शिकू नये असं नाही, पण या गोष्टी कुणी आधी बोलत नाही.

काळ्याकोटातली

विदुलाच्या आई, तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे, म्हणून गोडगोड बोलत नाही.

संध्याकाळचं चेंबर टळत नाही. पक्षकार दिवसा आपल्या कामावर असतो, तो संध्याकाळीच येणार. मी ज्युनियर असताना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की साडेआठला निघेन, राहिलेलं ड्राफ्टिंग घरून करीन. एका ठिकाणी ते चाललं नाही, तिथून उठले. दुसऱ्या ठिकाणी चाललं. चेंबर निवडताना सीनियरचं नाव किती मोठं हे सगळे बघतात. आधीच्या मुली तिथे किती टिकल्या ते विचारा, ते जास्त उपयोगी. आणि शक्य असेल तर त्यांच्यातल्याच एकीला गाठून विचारा.

पैशांचं : बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की शहरातल्या ज्युनियरला महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्याकडे ती बहुतेकांनी वाचून घडी घालून ठेवली. तरी बोलणी करताना हा आकडा तोंडात असू द्या, "आम्हाला तर आमच्या सीनियरनं काही दिलं नव्हतं" हे ऐकून घ्यायच्या आधी.

आणखी एक, हे मुलींना इंटर्नशिपच्या आधीच माहीत हवं. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे, त्यात दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेची तक्रार ऐकायला प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. वकिलाच्या ऑफिसात दहा माणसं क्वचितच असतात. तेव्हा आपल्या जिल्ह्याची समिती कुठे बसते ते शोधून ठेवा. गरज न पडो.

पोहेवाला_भिया

ताई, जुन्या वकिलांची एवढी धुलाई! आमचे काका वाचत असतील इथे.

तुकोगंजकर

वाचतोय, वाचतोय. काही चुकीचं लिहिलेलं नाही, म्हणून गप्प आहे.

मी वकील नाही, जिल्हा कोर्टात नोकरी करून निवृत्त झालो. तेव्हा खुर्चीवरून नव्हे, फायलींच्या बाजूनं बघितलेलं सांगतो. "मुलीच्या जातीनं" म्हणणाऱ्या आजींना सांगा की हा वाद १९२३ मध्येच निकालात निघाला. त्याआधी कलकत्त्याला रेजिना गुहा आणि पाटण्याला सुधांशुबाला हाजरा, दोघींनाही कायद्याची पदवी असून केवळ बाई म्हणून हायकोर्टांनी वकिली नाकारली होती. मग विधिव्यवसायी महिला अधिनियम आला आणि नुसतं बाई असणं ही अपात्रता राहिली नाही. आजींचा जन्मही तेव्हा झाला नसेल.

आणि इतकं लांब कशाला जायचं? आपल्या सुमित्राताई महाजन. माहेर चिपळूणचं, सासर इंदूरचं, एमए आणि एलएलबी दोन्ही इथल्याच विद्यापीठातून. १९८९ पासून सलग आठ वेळा खासदार, मग लोकसभेच्या अध्यक्ष. राजकारण कुणाला पटो न पटो, पण इंदुरात राहून एलएलबी केलेली मराठी बाई कुठवर जाते, हे आजींना ठाऊक असायला हवं.

मुली, तू निकाल वाचतेस हे वाचून बरं वाटलं. इंदूरचाच एक वाच. शाहबानो बेगम इथल्याच, नवरा इथलाच वकील. १९७५ मध्ये त्यानं बाईंना घराबाहेर काढलं. १९७८ मध्ये बाईंनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम १२५ खाली पोटगी मागितली. इथल्या मॅजिस्ट्रेटनं महिना २५ रुपये दिले. हायकोर्टानं १९८० मध्ये १७९ रुपये २० पैसे केले. मग नवरा सुप्रीम कोर्टात गेला आणि २३ एप्रिल १९८५ ला निकाल लागला, तो लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी. लोक त्याच्यावर भांडतात, वाचत कुणी नाही. फार लांबही नाही. पुढे काय राजकारण झालं ते बाजूला ठेव, आधी नुसतं एवढं बघ : प्रश्न काय होता, नवऱ्याची बाजू काय होती आणि कोर्टानं ती का फेटाळली.

डेक्कनचा_जावई

काका, टाळ्या. पण ही परीक्षेची तयारी झाली का? पोरीला रिझनिंगचे प्रश्न सोडवायचे आहेत.

काळ्याकोटातली

झाली की. जावईबापू, हा घ्या एक, तुम्हीच सोडवा.

नियम : दुकानात किंमत लावून माल मांडून ठेवणं हा विक्रीचा प्रस्ताव नव्हे, ते फक्त प्रस्ताव करण्याचं आमंत्रण आहे. गिऱ्हाईक माल काउंटरवर आणतं तेव्हा प्रस्ताव होतो. दुकानदार तो स्वीकारू शकतो किंवा नाकारू शकतो.

घटना : राजवाड्याजवळच्या एका दुकानात महेश्वरी साडीवर ४,५०० ऐवजी चुकून ४५० ची चिठ्ठी लागली. मीनाताईंनी साडी काउंटरवर नेली, ४५० रुपये पुढे केले. दुकानदार म्हणाला, "चूक झाली, या किमतीला देता येणार नाही." मीनाताई म्हणतात, चिठ्ठी लावली म्हणजे करार झाला. झाला का?

डेक्कनचा_जावई

झाला म्हणजे काय! लावलेल्या किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेतला तर ग्राहक आयोगात खेचता येतं. द्यावीच लागेल साडी. मी तर पोलिसांना बोलावलं असतं.

गराडूप्रेमी

मला वाटतं करार झाला नाही. चिठ्ठी आमंत्रण, ४५० पुढे करणं हा मीनाताईंचा प्रस्ताव, दुकानदारानं तो नाकारला. ग्राहक कायद्याचं नियमात काही लिहिलेलंच नाही, ते आपण आणायचं नाही ना?

काळ्याकोटातली

बरोबर. आणि जावईबापू चुकले ते जिथे निम्मी मुलं चुकतात तिथेच. प्रश्नात दिलेला नियम तुम्हाला पटो न पटो, बाहेरचा कायदा माहीत असो नसो, उत्तर दिलेल्या नियमातूनच काढायचं. हुशार मुलं इथे जास्त गुण घालवतात, कारण त्यांना बाहेरचं जास्त माहीत असतं. काका म्हणाले तसा निकाल वाचायचा सरावही याचसाठी : कोर्टानं कुठला नियम धरला आणि कुठल्या घटनेला लावला, हे वेगळं काढता आलं पाहिजे.

क्लासबद्दल विचारलं होतंस. मी लावू नको म्हणेन, निदान आधी दोन महिने घरी कर आणि मग ठरव. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं भंवरकुव्याच्या बाजूला एका ठिकाणी भरघोस फी भरली, तर तिला क्लॅटच्या बारावीच्या बॅचमध्येच बसवलं. पदवीनंतरच्या परीक्षांचा त्यांच्याकडे वेगळा काही अभ्यासच नव्हता. आणि नेटवरचे जुने व्हिडिओ बघून एलसॅट इंडियाची पुस्तकं घेऊ नकोस, ती परीक्षा बंद झाली. कायद्याची सेकंडहँड पुस्तकं घेताना सालाकडे बघ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. आयपीसी, सीआरपीसी आणि जुना पुराव्याचा कायदा गेला. काकांनी सांगितलेलं कलम १२५ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. खजुरी बाजारात जुनी गाइडं स्वस्तात मिळतात ती उगाच नाही.

नॉर्थकॅम्पसवाली

इंग्रजीचं मी सांगते, कारण मीही हिंदी माध्यमाची. घरी नईदुनिया येत असेल तर येऊ दे, बाबांना हवा. तू रोज एका इंग्रजी पेपरातला एकच अग्रलेख घे. पहिल्यांदा शब्दकोश न उघडता वाच. मग पेपर झाकून, लेखकाचं म्हणणं काय आणि त्यासाठी तो कारण काय देतो, हे चार ओळींत मराठीत लिही. हो, मराठीतच. मजकूर कळला की नाही ते त्यात लगेच उघडं पडतं. अडलेले शब्द त्यानंतर बघ. सुरुवातीला माझा एका अग्रलेखात तास जायचा. चालू घडामोडी वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत, यातच निम्म्या होतात. सुदामानगरात घरी गडबड असेल तर अहिल्या लायब्ररीत जाऊन बस, तिथे स्पर्धा परीक्षावाली मंडळी असतात, आपोआप लाज वाटून अभ्यास होतो.

विदुलाची_आई

हे मराठीत लिहायचं विदुलाला सांगते. पण दिल्ली... इथे इंदुरात राहून केलं तर काय बिघडलं? सगळ्या हुशार मुली बाहेर गेल्या तर इथे कोण राहणार?

काळ्याकोटातली

काही बिघडत नाही, आणि हे मला जरा जोरातच सांगायचं आहे. इंदुरात एलएलबी करणं म्हणजे दिल्ली न मिळाल्याचं दुःख, असं चित्र मुलांच्या डोक्यात असतं. इथल्या सरकारी कॉलेजांत एलएलबीला प्रवेश परीक्षा नाही, उच्चशिक्षण विभागाच्या ई-प्रवेश पोर्टलवर पदवीच्या टक्क्यांनी यादी लागते. म्हणजे गराडूप्रेमी, तुझे बीकॉमचे शेवटचे पेपर हीच तुझी इथली प्रवेश परीक्षा. सीयूईटीच्या नादात सहावं सत्र ढिलं सोडलंस तर दोन्हीकडून जाशील.

आणि एमपी हायकोर्टाचं मुख्य पीठ जबलपूरला असलं तरी खंडपीठं दोनच शहरांत आहेत, इंदूर आणि ग्वाल्हेर. एमजी रोडवर हायकोर्ट, शहरातच जिल्हा कोर्ट, कुटुंब न्यायालय. सकाळी वर्ग, दुपारी कोर्ट, हे दुसऱ्या वर्षापासून करता येतं. दिल्लीत वर्गमित्र चांगले मिळतात, शिक्षक चांगले मिळतात, हे मान्य. पण इंदुरात वकिली करायची असेल तर तीन वर्षांत तू इथल्या कारकुनांना, पेशकारांना, बारच्या लोकांना ओळखायला लागतेस. दिल्लीहून परत आलेल्या मुलीला ते पहिल्यापासून करावं लागतं. कॉर्पोरेट करायचं असेल तर मात्र दिल्ली किंवा बंगळुरू, इथे ते काम फारसं नाही.

कुठलंही कॉलेज धर, पण हजेरी खरी लागते का ते बघ. बार कौन्सिलचा नियम प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरीचा आहे. "यायची गरज नाही, आम्ही बघू" म्हणणाऱ्या कॉलेजात शिकवायलाही कुणी येत नसतं.

आता बाबांचा हिशोब. सुप्रीम कोर्टानं २० मे २०२५ ला सिव्हिल जज्जच्या परीक्षेआधी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, ते खरं. पण ही वर्षं प्रोव्हिजनल सनद, म्हणजे वकिलीचा तात्पुरता परवाना, मिळाल्यापासून मोजतात, बार परीक्षा पास झाल्यापासून नव्हे. न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरतात. त्यामुळे निकाल लागला की त्याच महिन्यात सनदेचा अर्ज करायचा. आणि सनदेची फीही आता राज्य बार कौन्सिलांना मनाला येईल तशी लावता येत नाही, जुलै २०२४ च्या निकालानं खुल्या वर्गाला ती ७५० रुपयांवर आली. बाकी, २४ ते २७ ही तीन वर्षं बाबांच्या वहीत रिकामी दिसतात. त्या वर्षांत तू सनद असलेली वकील असशील. कमाई थोडी, पण शून्य नाही. जज्ज व्हायचं नाही ठरवलंस तर तीच तुझी वकिलीची पहिली तीन वर्षं. वहीत त्या ओळीत "वकील" एवढं लिहून दाखव.

तुकोगंजकर

आमच्या कोर्टातले किती तरी वकील तिशीनंतर एलएलबी करून आलेले होते, कुणी शिक्षक, कुणी बँकेतले. त्यांचा हिशोब कुणी असा वहीत मांडला नव्हता. असो, मी मध्ये पडत नाही.

जज्जच्या परीक्षेचं मनात असेल तर तुझं हे तीन भाषांचं त्रांगडं कामी येईल. एमपीच्या मुख्य परीक्षेत हिंदीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून हिंदी भाषांतर असतं, निकालपत्र लिहायचा पेपर असतो. खाली साक्षीपुरावा हिंदीत आणि वर हायकोर्टात काम इंग्रजीत, असा आपल्याकडे रिवाज आहे. दोन्ही येणारी माणसं कमीच.

गराडूप्रेमी

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

कॉलेजात विचारलं. तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचा अर्ज वेगळा द्यावा लागतो आणि तो दिला की प्रोव्हिजनल लवकर मिळू शकतं, असं बाई म्हणाल्या. लेखी काही दिलं नाही, पुन्हा जाईन.

बाबांशी बोलले. "वकील" लिहिलेलं वाचून ते म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस, मला वाटलं तीन वर्षं नुसतं थांबायचं." दिल्लीला अजून नाही म्हणतात, पण सीयूईटीचा फॉर्म भरायला परवानगी मिळाली. बंगळुरूचं नाव काढलंच नाही. क्लास नाही लावत. आजीचं काही बदललेलं नाही. सुमित्राताईंचं सांगितलं तर म्हणाली, "त्या वेगळ्या."

आत्याला घेऊन परवा पुन्हा तारखेला गेले होते. वकीलसाहेबांना मी विचारलं की वाद वाटणीचा आहे की आधीच्या बक्षीसपत्राचा. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा बसायला सांगितलं.

काळ्याकोटातली

छान. आत्यांना एक सांग. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली बाईला उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळू शकतो. जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. आत्ताचे वकील बदला असं म्हणत नाही, पण फीसाठी दावा अडत असेल तर हे माहीत असावं.

आणि हा घे पुढचा. नियम : अज्ञान व्यक्तीशी, म्हणजे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीशी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. घटना : सतरा वर्षांच्या रोहननं वय एकोणीस सांगून हप्त्यावर स्कूटर घेतली. दोन हप्ते भरले, मग थांबला. दुकानदार म्हणतो, पोरानं खोटं सांगितलं, म्हणून उरलेले हप्ते कराराप्रमाणे भरलेच पाहिजेत. जावईबापूंनी आधी उत्तर द्यायचं नाही.

गराडूप्रेमी

दुकानदाराला कराराखाली हप्ते मागता येणार नाहीत. करार मुळातच नाही, तर त्याच्याखाली मागणार काय? रोहन खोटं बोलला हे चुकीचं, पण खोटं बोलल्यानं करार जिवंत होतो असं नियमात म्हटलेलं नाही. स्कूटर परत मागता येईल का, ते नियमात नाही, म्हणून लिहीत नाही.

डेक्कनचा_जावई

मी हेच लिहिणार होतो.

पोहेवाला_भिया

जावईबापू, साडी आठवतेय ना?

काळ्याकोटातली

उत्तर बरोबर आहे, आणि शेवटचं वाक्य उत्तराहून चांगलं आहे. १९०३ चा मोहोरीबीबी खटला शोध, प्रिव्ही कौन्सिलचा (तेव्हाचं लंडनमधलं सर्वोच्च अपील न्यायालय), त्यातही वयाबद्दल खोटं लिहून दिलेलं होतं. या आठवड्यात तो आणि शाहबानो, दोन्ही वाच आणि अग्रलेखासारखं मराठीत चार-चार ओळी लिहून इथेच टाक. विदुलालाही सांगा. आणि एखाद्या दिवशी कॉलेज बुडवून कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बस. सुनावण्या खुल्या असतात. हायकोर्टात गेटवर पास करावा लागतो, ओळखपत्र जवळ असू दे आणि फोन बंद ठेव, कोर्टात वाजला तर जज्जसाहेब तुलाच पहिला प्रश्न विचारतील.

विदुलाची_आई

मीपण येते दोघींबरोबर. सोमवार चालेल का?